अण्णांना शेक द्यायचा की नाही?

ताई, सप्रेम नमस्कार.

आम्ही राजापूर तालुक्यातले. माझे वडील (आम्ही अण्णा म्हणतो) 76 वर्षांचे, हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झाले. तीन वर्षांपूर्वी त्यांना प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. इंजेक्शनं झाली, गोळ्या झाल्या. आता तो कमरेच्या मणक्यांत आणि डाव्या खुब्याच्या हाडात उतरलाय. कोल्हापूरचे डॉक्टर म्हणाले, आजारावर आता फारसं काही करण्यासारखं नाही, काही महिने हातात आहेत, पण दुखणं कमी व्हावं म्हणून एक शेक (रेडिएशन) देऊ. अण्णांना आडवं होता येत नाही, रात्र आरामखुर्चीत काढतात. तरी शेकाला तयार नाहीत. जैतापूरच्या अणुप्रकल्पाविरोधी आंदोलनात ते पहिल्यापासून होते. म्हणतात, "इतकी वर्षं किरणोत्सर्गाच्या विरोधात बोललो, आता मरताना तोच अंगात घेऊ? त्यापेक्षा विनोबांसारखं अन्नपाणी सोडतो. सुखाने जाऊ द्या मला." दादा डोंबिवलीला असतो, त्याचंही मत नकोच. त्याच्या शेजाऱ्यांना घशाच्या कॅन्सरवर शेक दिले होते, त्यांची मान जळून काळी पडली होती. त्यात वहिनीला पाचवा महिना आहे आणि मे महिन्यात ती इकडे येणार आहे. शेक दिल्यावर तिने अण्णांजवळ बसलेलं चालेल का? आई काही बोलत नाही, नुसती त्यांचे पाय दाबत बसते. मी काय करू?

एक मुलगी

*

नमस्कार.

वहिनींचं आधी उरकून घेऊ, कारण त्याचं उत्तर सोपं आहे. बसू द्या त्यांना खुशाल. अण्णांना शेक देणार तो बाहेरून, यंत्राने. दिवा मालवल्यावर खोलीत उजेड शिल्लक राहत नाही, तसं यंत्र बंद झालं की अण्णांच्या अंगात काही उरत नाही. त्यांचं ताट, चादर, लघवीचं भांडं, काहीही वेगळं ठेवायला नको. गोंधळ होतो तो दुसऱ्या एका उपचारामुळे. थायरॉइडच्या कॅन्सरमध्ये किरणोत्सर्गी आयोडीन पोटात देतात. हाडांत पसरलेल्या प्रोस्टेटच्या कॅन्सरलाही कधीकधी शिरेतून किरणोत्सर्गी औषध देतात. अशा रुग्णापासून गरोदर बाईने आणि लहान मुलांनी काही दिवस लांब राहायचं असतं, आणि ते दवाखान्यातून नीट सांगून पाठवतात. पुढे कधी अण्णांना तसलं इंजेक्शन सुचवलं, तर वहिनींचा प्रश्न पुन्हा विचारा. आज तो नाही.

आता दादा. त्यांच्या शेजाऱ्यांची मान काळी पडली हे खरंच असणार, मी अशा माना खूप पाहिल्यात. कॅन्सरच्या वॉर्डात समुपदेशक म्हणून बरीच वर्षं काढली, त्यातले निम्मे दिवस अशी माणसं आणि त्यांचे घाबरलेले नातेवाईक यांच्यातच गेले. पण घशाचा शेक आजार मुळातून उपटण्यासाठी असतो. किरणांची मात्रा 'ग्रे' या एककात मोजतात. घशाला साधारण 60 ते 70 ग्रे देतात, तीस-पस्तीस शेकांत थोडेथोडे करून, आणि तेही मानेच्या पातळ कातडीवर. अण्णांना हाडाच्या दुखण्यासाठी जो एकच शेक सांगितलाय तो बहुतेक 8 ग्रेचा असेल. कातडी जळायचा प्रश्न त्यात सहसा येत नाही. दादांनी शेजाऱ्यांच्या हालाचं वर्णन अण्णांसमोर करू नये, एवढं मात्र त्यांना आजच फोन करून सांगा.

अण्णांचं प्रकरण वेगळं आहे. ते विज्ञानाचे मास्तर, ते दादांपेक्षा अवघड प्रश्न विचारतील, आणि विचारावाच. सगळ्या अंगावर एका वेळी 4-5 ग्रे पडले आणि उपचार मिळाले नाहीत, तर निम्मी माणसं दगावतात. मग 8 ग्रे औषध कसं? उत्तर 'सगळ्या अंगावर' या शब्दांत आहे. सर्वांगावर किरण पडले की रक्त तयार करणारा हाडांतला सगळा मगज आणि आतड्याचं अस्तर एकदम मरतं, दुरुस्ती करायला जागाच उरत नाही. चेर्नोबिलला 26 एप्रिल 1986च्या त्या रात्री अणुभट्टीवर धावलेल्या कामगारांचं आणि अग्निशमनच्या जवानांचं हेच झालं. 134 जणांना तीव्र किरणबाधा झाली, त्यातले 28 पुढच्या काही महिन्यांत गेले. ते मरण सुखाचं मुळीच नव्हतं. अण्णांनी आंदोलनाच्या काळात त्याबद्दल वाचलं असणार आणि आज डोळे मिटले की त्यांना तेच दिसत असणार. अण्णांना मात्र दोन-चार मणके आणि खुब्याचा तुकडा एवढ्याच भागावर किरण मिळणार. बाकीच्या हाडांतला मगज आपलं काम करत राहील.

किरणांचा धोका खोटा आहे असं मी म्हणत नाही. दिल्लीच्या मायापुरीत 2010 साली विद्यापीठाने भंगारात काढलेल्या एका जुन्या यंत्रातलं कोबाल्ट उघडं पडलं आणि भंगारच्या धंद्यातला एक माणूस जिवाला मुकला. ब्राझीलमध्ये गोयानिया शहरात 1987 साली तर एका सोडून दिलेल्या दवाखान्यातलं, शेक द्यायचंच यंत्र भंगारवाल्यांच्या हाती लागलं आणि चौघं मेली. त्यातल्या निळ्या चमकणाऱ्या पावडरीचं लोकांना अप्रूप वाटलं, ती त्यांनी घरोघरी वाटली. म्हणजे अण्णांची भीती हवेतली नाही. पण त्यांच्या बाबतीत हिशोब कसला करायचा, ते पाहा. मोजून दिलेल्या किरणांचा मोठा धोका म्हणजे पुढे दुसरा कॅन्सर होण्याचा. त्याला वर्षं लागतात, बहुतेक प्रकारांना दहा-दहा वर्षं. तिशीतल्या माणसाला शेक देताना डॉक्टर हा विचार दहादा करतात. अण्णांना डॉक्टरांनी काही महिने सांगितलेत. दहा वर्षांनंतरच्या धोक्यापायी आजची रात्र खुर्चीत काढायची, हा हिशोब त्यांनी वर्गातल्या एखाद्या मुलाच्या वहीत पाहिला असता तर लाल शाईने गोल केला असता.

जैतापूरबद्दल मला इथे काही सिद्ध करायचं नाही. माडबनच्या सड्यावर 9,900 मेगावॅटचा प्रकल्प यावा की नाही, समुद्राचं आणि मच्छीमारांचं काय, आंब्याचं काय, यावर अण्णांनी ज्या बाजूने आयुष्याची इतकी वर्षं घातली ती बाजू त्यांनी सोडायची काहीच गरज नाही. शेक घेतला म्हणून भूमिका बदलत नाही. परळचं टाटा हॉस्पिटल अणुऊर्जा विभागाच्याच अखत्यारीत येतं, जैतापूरच्या प्रकल्पामागेही तोच विभाग, आणि आंदोलनातली माणसंसुद्धा आजारी पडल्यावर टाटालाच जातात. अण्णांना हे ठाऊक असेल. नसेल तर सांगा, दोन शिव्या घालतील आणि हसतीलही.

मात्र 2011 सालातली एक गोष्ट त्यांच्याशी निवांत बोलावी असं मला वाटतं. 11 मार्चला जपानमध्ये फुकुशिमाच्या अणुभट्टीचा अपघात झाला, आणि सव्वा महिन्यात, 18 एप्रिलला, जैतापूरच्या आंदोलनात साखरी नाटे गावी पोलिसांच्या गोळीबारात माणूस गेला. तेव्हा आपण सगळ्यांनी फुकुशिमाच्या बातम्या अणुभट्टीच्या म्हणून वाचल्या. त्या भट्टीपासून साडेचार-पाच किलोमीटरवर फुताबा नावाचं एक हॉस्पिटल होतं. तिथले बहुतेक रुग्ण म्हातारे, कित्येक अंथरुणाला खिळलेले. परिसर रिकामा करा म्हटल्यावर चालती माणसं आधी निघाली, बाकीचे मागे राहिले. मग त्यांना बसमध्ये बसवलं. ज्यांना बसताही येत नव्हतं त्यांनासुद्धा. रस्ते बंद, वळसा घालून एक बस दहा तासांच्या आसपास फिरत राहिली आणि शेवटी एका शाळेच्या व्यायामशाळेत जाऊन थांबली. वाटेत आणि पोहोचल्यावर मिळून त्या हॉस्पिटलातले आणि त्याच्या वृद्धाश्रमातले चाळीसहून अधिक जण गेले. सलाईन, ऑक्सिजन, कूस बदलायला माणूस, यातलं काही न मिळाल्यामुळे गेले. पुढच्या काळात फुकुशिमा प्रांतात स्थलांतराच्या हालांमुळे दगावलेल्यांची सरकारी नोंद दोन हजारांच्या वर गेली. किरणांमुळे तिथल्या रहिवाशांच्या आरोग्यावर थेट परिणाम झाल्याचं संयुक्त राष्ट्रांच्या शास्त्रज्ञांच्या समितीला मात्र आढळलं नाही. हे मी प्रकल्पाच्या वतीने बोलत नाही. भट्टी नसती तर ती बसही निघाली नसती, असं अण्णा म्हणतील आणि ते बरोबर आहे. पण त्या म्हाताऱ्यांच्या वाट्याला साधं अंथरुणातलं मरण आलं नाही, याचं कारण किरणांपेक्षा किरणांच्या भीतीने केलेली घाई होती. आणि चेर्नोबिलच्या बंदी घातलेल्या पट्ट्यात काही म्हाताऱ्या बायका सरकारला न जुमानता आपापल्या घरी परतल्या, बटाटे लावले, कोंबड्या पाळल्या, तिथेच राहिल्या. आपल्या घरात मरायचं होतं त्यांना. किरणोत्सर्गाचा धोका त्यांना कुणी समजावला नव्हता असं नाही. त्यांनी तो तोलून पाहिला, आणि पारडं घराकडे झुकलं.

आता विनोबांचं. पवनारला नोव्हेंबर 1982मध्ये हृदयविकाराचा झटका आल्यावर त्यांनी औषध, अन्न, पाणी सोडलं आणि 15 तारखेला, दिवाळीत, देह ठेवला. वय 87. गागोद्याचा, म्हणजे आपल्या कोकणातलाच माणूस, म्हणून अण्णांना ते जवळचे वाटत असतील. पण हाडांच्या ठणक्याने रात्र-रात्र जागणाऱ्या माणसाने तसं म्हणणं आणि विनोबांनी तसं करणं, यांत अंतर आहे. दुखणं इतकं असलं की निर्णय माणूस घेत नाही, दुखणं घेतं. "मला जाऊ द्या" म्हणणारी माणसं दुखणं आटोक्यात आल्यावर पेपर मागतात, पेजेत मीठ कमी झालं म्हणून कुरकुरतात, हे मी अनेकदा पाहिलंय. काही जण तरीही म्हणतात की बास झालं. तेव्हा त्यांचं म्हणणं त्यांचं असतं आणि ते ऐकावं लागतं. म्हणून आधी दुखणं, मग विनोबा. आणि त्यांना सरळ विचारा, "अण्णा, तुम्हाला भीती नक्की कशाची वाटते?" मरणाची, दुखण्याची, दुसऱ्यावर भार होण्याची, की हॉस्पिटलात नळ्या लावून पडण्याची? प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. हा प्रश्न आईच्या समोर विचारा. त्या बोलत नाहीत म्हणजे त्यांना काही म्हणायचं नाही असं समजू नका.

शेक घ्यायचं ठरलंच, तर तो दिवस कसा जातो ते सांगते, म्हणजे अण्णांना डोळ्यासमोर आणता येईल. आधी एक सीटी स्कॅन काढतात आणि कातडीवर पेनाने खुणा करतात. त्या पुसायच्या नाहीत, साबण लावायचा नाही. मग अरुंद, कडक टेबलावर उताणं झोपवतात. खरा त्रास इथे होतो. किरण दिसत नाहीत, भाजत नाहीत, पण ज्याला आडवंच होता येत नाही त्याला ते टेबल जीव नकोसा करतं. त्यामुळे दुखण्याची गोळी निदान अर्धा-पाऊण तास आधी घ्यायची आणि तसं डॉक्टरांकडून ठरवून घ्यायचं, टेबलाजवळ गेल्यावर नाही. गुडघ्याखाली उशी मागा, देतात. त्यानंतर खोलीत अण्णा एकटे, दार बंद, मोजून काही मिनिटं. बाहेर कॅमेऱ्यातून दिसत असतं, बोललेलं ऐकू येत असतं, हात वर केला तर थांबवतात. यंत्र गुणगुणतं, फिरतं, थांबतं. झालं. कमरेला शेक असला तर त्या दिवशी मळमळ होऊ शकते, एखाद-दोन दिवस पोट बिघडू शकतं. त्याची गोळी आधीच देतात. त्या जागेवर पुढचे काही दिवस बाम, तेल, गरम पाण्याची पिशवी नको. आईंना हे नक्की सांगा.

गुण लगेच येत नाही. पहिले दोन-चार दिवस बऱ्याच जणांचं दुखणं उलट वाढतं. नेमक्या त्याच वेळी दादांसारखी माणसं "मी सांगत होतो" म्हणतात. डॉक्टरांना हे आधीच विचारून ठेवा, त्यासाठी थोड्या दिवसांची गोळी असते. खरा आराम आठवड्यापासून तीन-चार आठवड्यांत पडतो, दहातल्या सहा-सात जणांना. एका शेकाने आणि दहा शेकांनी आराम सारखाच पडतो, हे अनेक देशांत तपासून पाहिलेलं आहे. फरक एवढाच की एकच घेतलेल्यांपैकी साधारण पाचातल्या एकाला पुढे पुन्हा घ्यावा लागतो. राजापुराहून अणुस्कुरा घाट चढून दहा वेळा कोल्हापूर करण्यापेक्षा मी एकच निवडला असता. सीटी आणि शेक एकाच दिवशी उरकेल का, हे फोनवर विचारून घ्या. पुष्कळ ठिकाणी उरकतं.

शेक नकोच म्हणायचीही वेळ असते. अण्णा फार खंगले असतील, दिवसाचा बराच भाग झोपेत जात असेल, खाणं चमच्यावर आलं असेल, आणि डॉक्टरांनाही महिन्याऐवजी आठवडे वाटत असतील, तर गुण यायच्या आत वेळ संपेल आणि घाटाचा त्रास तेवढा पदरी पडेल. तेव्हा घरीच ठेवा. आणि सगळं समजून घेऊन अण्णा नाही म्हणाले, तर ती नाहीच. त्यांच्यावर रुसू नका, गोळीत गोळी मिसळून फसवू नका, आणि "तुम्ही आमचं ऐकलं नाहीत" हे वाक्य घरात कुणी उच्चारू नये.

पण दोन्ही वाटांवर एक गोष्ट लागेलच, मॉर्फिन. सध्या त्यांना नेमकं काय चालू आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत. खुर्चीत रात्र काढावी लागते, म्हणजे जे चालू आहे ते पुरत नाही. तोंडाने घ्यायची मॉर्फिनची गोळी स्वस्त असते, मोजून वाढवली तर ती आयुष्य कमी करत नाही आणि या दुखण्यात सहसा कुणी व्यसनी होत नाही. बद्धकोष्ठता मात्र हमखास होते, जुलाबाचं औषध पहिल्या दिवसापासून हवं. 2014 साली कायदा बदलल्यापासून ती ठेवणं दवाखान्यांना सोपं झालंय, तरी प्रत्येक दुकानात मिळत नाही. कोल्हापूरच्या डॉक्टरांना नाव घेऊन विचारा. रत्नागिरीच्या सिव्हिलमध्ये वेदनाशमनाचा विभाग विचारा. दादांना काही करायचंच असेल तर त्यांनी परळला टाटाच्या या विभागात अण्णांचे कागद दाखवावेत, डोंबिवलीहून त्यांना ते जमेल. घरी निभेनासं झालं तर वांद्र्याचं शांती अवेदना सदन आणि पुण्यात वारज्याचं सिप्लाचं केंद्र, दोन्हीकडे अशा रुग्णांना विनामूल्य ठेवून घेतात.

एक धोक्याची खूण घरातल्या प्रत्येकाला माहीत हवी. अण्णांचे पाय अचानक लुळे वाटू लागले, मांड्यांना बधिरपणा आला, लघवी अडकली, तर सकाळची वाट पाहू नका. मणक्यातला आजार मज्जारज्जूवर दाबतोय असा त्याचा अर्थ असू शकतो. काही तासांत औषध आणि शेक मिळाला तर पाय वाचतात, नाहीतर उरलेले महिने पाठीवर पडून काढावे लागतात. ही वेळ आली तर शेकाला हो म्हणायचं की नाही, हे अण्णांनी आजच ठरवून ठेवलेलं बरं.

नळ्यांची भीती असेल तर तिला कायद्यात उत्तर आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली इच्छापत्राला मान्यता दिली आणि 2023मध्ये ते सोपं केलं. व्हेंटिलेटर नको, आयसीयू नको, छाती दाबून हृदय चालू करायला नको, असं अण्णा शुद्धीत असताना लिहून ठेवू शकतात. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर सही, आपल्या वतीने बोलणाऱ्या विश्वासातल्या माणसांची नावं, आणि एक प्रत ग्रामपंचायतीकडे किंवा नगरपरिषदेकडे. मरण यावं म्हणून इंजेक्शन देण्याची मुभा आपल्याकडे कुणालाच नाही, तेवढं मात्र अण्णांना स्पष्ट सांगा. आणि गावातल्या डॉक्टरांना अधूनमधून घरी बोलावून अण्णांना दाखवत राहा. घरी मृत्यू झाला तर दाखला त्यांच्याकडूनच घ्यावा लागेल, आणि ज्यांनी आजार पाहिलाय ते तो देताना अडखळत नाहीत.

जायचं ठरलं तर मोठी गाडी करा, मागची सीट सपाट होते अशी. दादांना पुढे बसवा, आई मागे, अण्णांच्या पायाशी. डब्यात दहीभात, पिशवीत मॉर्फिन आणि उलटीची गोळी, आणि सगळ्या कागदांची एक झेरॉक्स जास्तीची.